साहेबांचा फुकट प्रचार

बायको गेल्यावर पुढच्याच आठवड्यात माइकवाला तिचा चष्मा सरळ करून घ्यायला दुकानात गेला. इस्पितळानं तिच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या होत्या, त्यात चष्मा होता. एक काडी मागे वळलेली, काचांवर वाळलेला चिखल.

दुकानातल्या चष्मेवाल्या बाईंनी तो लगेच ओळखला. त्यांनीच बनवला होता. काही न विचारता त्यांनी काचा धुतल्या, काडी गरम करून सरळ केली, बिजागरीचा स्क्रू पिळला आणि चष्मा मऊ कापडावर ठेवला. मग काउंटरखालून त्या दिवशीचं वर्तमानपत्र काढलं.

"हे वाचलंत?"

त्यानं वाचलं नव्हतं. आतल्या पानावर वॉर्डातल्या नगरसेवकाचा फोटो होता. सारा वॉर्ड त्यांना साहेब म्हणायचा. फोटोत साहेबांचा हात माइकवाल्याच्या खांद्यावर होता आणि माइकवाला जमिनीकडे बघत होता. खाली मजकूर होता. घटना दुर्दैवी आहे, असं साहेबांनी कुटुंबाचं सांत्वन करून बाहेर पडल्यावर सांगितलं होतं. मात्र गेलेल्या बाईंना कमी दिसत असे आणि त्या दिवशी त्यांनी चष्मा लावला नव्हता, नागरिकांनीही थोडी काळजी घ्यायला हवी, असंही सांगितलं होतं.

"चष्मा नाकावरच होता," बाई म्हणाल्या. "घरी राहिला असता तर गटारात तिच्याबरोबर पडला कसा?"

माइकवाल्यानं पेपरची घडी घातली, परत उघडली, परत घातली. त्याच्या घरासमोरचं गटार कमरेइतकं खोल होतं आणि कित्येक वर्षं उघडं होतं. ट्रकला वाट द्यायला बायको बाजूला सरकली आणि आत गेली. खुब्याचं हाड मोडलं, जखमेत पू झाला, आणि इस्पितळातून ती घरी आलीच नाही. हे सगळं त्यानं कसंबसं गिळलं होतं. पण ज्या माणसानं त्याचा खांदा थोपटला, त्यानंच दाराबाहेर जाऊन तिच्यावरच ठपका ठेवला, हे घशाखाली उतरेना.

"मला तो पडलेला बघायचाय," तो म्हणाला.

"गटारात?"

"सगळ्यांसमोर."

बाईंनी चष्मा डबीत घालून त्याच्या हातात दिला. "निवडणूक तोंडावर आलीये. मी उभी राहते. मला बोलता येत नाही, ते तुम्ही बोला."

या वॉर्डात त्याचा आवाज माहीत नसलेलं घर नव्हतं. हरवलेली मुलं, बंद राहणारं पाणी, कपड्यांचा सेल, सगळं टेम्पोवर बसून तोच सांगायचा. आणि मिशी काळी होती तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत साहेबांचा प्रचारही तोच करायचा. त्याचं घर त्यावर चालत होतं आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. सोनाराचा सेल सांगणाऱ्यानं सोनं कसाला लावून बघायचं नसतं, असं तो म्हणायचा.

संध्याकाळी त्याची मेहुणी आली. ती शहर बस चालवायची आणि ड्युटी संपवून गणवेशातच आली होती. थोरल्या बहिणीच्या मागे ती रडली होती ती एकदाच, तीही डेपोच्या पार्किंगमध्ये, काचा वर करून. त्यानं चष्मेवाल्या बाईंचं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"भावोजी, एक विचारू? राग मानू नका."

"विचार."

"तुमच्या गल्लीतलं गटार झाकणार, हे गेल्या खेपेला कोण ओरडत होतं?"

त्यानं चष्म्याची डबी उघडली आणि बंद केली.

"ताई गॅलरीत उभी राहून ऐकायची. मला फोन करून म्हणायची, ह्यांचा आवाज अजून काय खणखणीत आहे बघ."

"बस कर."

"बस झालीच आजची. ड्युटी बदलून घेते, टेम्पो मी चालवते. पण एक सांगून ठेवते, तो माणूस नुसता हरायला नको. मान खाली घालून रस्त्यानं चालताना दिसायला हवा मला."

"मग आपलं जमलं," माइकवाला म्हणाला.

दुकानच कार्यालय झालं. डोळे तपासायला आलेली माणसं अक्षरांच्या तक्त्यासमोर बसायची आणि तपासून झालं की उठायच्या ऐवजी बोलत राहायची. समोरच्या शिंपीणबाईंनी उरल्यासुरल्या कापडाचे फलक शिवून दिले. प्लंबर आणि त्याचा शेजारी सुतार कामावरून परतताना चार-चार दारं वाजवायला लागले. यातल्या कोणीच याआधी मत देण्यापलीकडे काही केलं नव्हतं. दाराशी उभं राहून काय बोलायचं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. सुतार पहिल्या दिवशी एका घरात कपाटाचं माप घेऊन परत आला.

"प्रचाराचं काय झालं?" मेहुणीनं विचारलं.

"त्यांनी बेल वाजवल्यावर विचारलं, काय काम आहे? मी म्हटलं, सुतार आहे. पुढं जमलंच नाही."

चष्मेवाल्या बाईंनी मग एकच नियम केला. दारात काही सांगायचं नाही, विचारायचं. तुमच्या दारात काय उघडं आहे? माणसं आधी हसायची, मग चपला घालून बाहेर यायची आणि बोट दाखवायची. कुणी फळी टाकली होती, कुणी जुनं दार. एका घरात सासूबाईंना रोज सकाळी दोघं धरून गटार ओलांडून द्यायचे. बाई ऐकून घ्यायच्या, आपण काय करू हे सांगायच्या नाहीत, संध्याकाळी परत कुणाला तरी त्याच दारात पाठवायच्या. दुसऱ्या फेरीला त्याच दारातलं माणूस बरोबर निघायचं.

माइकवाल्याला हे दारोदार विचारणं संथ वाटत होतं. त्याला घाई होती.

आणि पहिल्याच फेरीत त्यानं घोटाळा केला. घोटाळा त्याच्या धंद्यातला होता. तासन्‌तास बोलणाऱ्याला प्रत्येक वाक्याकडे लक्ष देणं परवडत नाही. तो जीभ कामाला लावायचा आणि मन मोकळं सोडायचा. जीभ आपली तालात चालायची, मन घरचे हिशेब करायचं, नाहीतर झोप काढायचं. त्या सकाळी मेहुणी टेम्पो हळू चालवत होती. तो चष्मेवाल्या बाईंचं नाव घेत होता, चिन्ह सांगत होता. टेम्पो त्याच्या गल्लीत वळला. बायको पडली ती जागा आली. गटाराच्या काठावरचं सिमेंट तिथं तुटलं होतं. तो तिकडे बघत राहिला आणि जीभ एकटी पुढे गेली.

"...प्रचंड बहुमतानं विजयी करा, आपले लाडके, आपल्या हक्काचे, विकासाची गंगा दारोदारी नेणारे..."

आणि साहेबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, कर्ण्यातून गल्लीभर घुमलं.

मेहुणीनं करकचून ब्रेक मारला. वर गॅलरीत कुणीतरी फसकन हसलं. कुणीतरी फोनवर ते टिपलं होतं, आणि दुपारपर्यंत वॉर्डात ज्याच्या त्याच्या हातात तेच होतं. साहेबांनी संध्याकाळच्या कोपरासभेत ते मुद्दाम माइकला लावून ऐकवलं.

"बघा," साहेब म्हणाले, "विरोधकांकडे गेले तरी प्रचार माझाच करतात. आणि आता तर फुकट करतात!"

सभा हसून लोटपोट झाली. माइकवाला चौकाच्या पलीकडे टेम्पोत बसून ऐकत होता. आपल्या बायकोला मारणाऱ्या माणसाचं नाव आपण ती पडली त्याच जागी गौरवानं घेतलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. त्याचे कान तापले होते.

"उद्यापासून मी येत नाही," तो म्हणाला.

मेहुणी स्टीअरिंगवर बोटं वाजवत होती. "तो काय म्हणाला? फुकट प्रचार?"

"जखमेवर मीठ चोळू नकोस."

"चोळत नाही. करा की मग फुकट प्रचार. तुमच्या जिभेवर तोच बसलाय ना? बसू दे. त्याची सगळी आश्वासनं तुम्हाला पाठ आहेत. जशीच्या तशी म्हणा. शिवी नाही, टोमणा नाही. फक्त टेम्पो कुठं उभा करायचा ते मी ठरवते."

दुसऱ्या दिवशी टेम्पो दवाखान्याच्या रिकाम्या प्लॉटसमोर थांबला. प्लॉटवर गवत होतं आणि एक मोडकी गाडी होती. माइकवाल्यानं घसा साफ केला आणि जुन्या चालीत, जुन्या उत्साहात सुरुवात केली. "बंधू-भगिनींनो, साहेबांनी आपल्यासाठी मंजूर करून आणलाय सुसज्ज दवाखाना! तज्ज्ञ डॉक्टर, मोफत औषधं, चोवीस तास सेवा! आपले लाडके, आपल्या हक्काचे..." एवढं बोलून तो थांबला. मेहुणीनं इंजिन बंद केलं होतं. गवतात एक कुत्रं उठून उभं राहिलं आणि परत बसलं.

मग पाण्याची टाकी, जी नव्हती. मग पथदिवे. मग शाळेची भिंत, आणि मग गल्लीमागून गल्ली उघडी गटारं. प्रत्येक ठिकाणी तो त्याच ठिकाणचं आश्वासन म्हणायचा आणि गप्प व्हायचा. पहिल्या दिवशी लोक नुसते बघत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुढची ओळ गॅलरीतून यायला लागली. त्यानं "आपले लाडके" म्हटलं की वरून बायका ओरडायच्या, "आपल्या हक्काचे!" आणि हसायच्या, पण ते हसणं आता कोपरासभेतल्यासारखं नव्हतं.

साहेबांच्या माणसांनी निवडणूक कार्यालयात तक्रार केली. अधिकाऱ्यानं टेम्पो थांबवून सगळं ऐकलं आणि तक्रारदाराकडे वळला.

"यात आक्षेप कशाला आहे? तुमच्याच साहेबांची स्तुती चाललीये."

"ती स्तुती वाईट हेतूनं आहे, सर."

"हेतू लिहायला माझ्याकडे जागा नाही," अधिकारी म्हणाला.

माइकवाल्याला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

साहेब मूर्ख नव्हते. मतदानाला जेमतेम आठवडा राहिला असताना काँक्रीटची झाकणं घेऊन ट्रक आले. जाड, चौकोनी, उचलायला लोखंडी कड्या बसवलेली. पालिकेच्या मजुरांनी पुढच्या गल्ल्या भराभर झाकल्या. माइकवाल्याच्या घरासमोरचं गटारही झाकलं. तो दारात उभा राहून बघत होता. एवढंच काम होतं. सकाळी सुरू झालं आणि दुपारच्या जेवणाआधी संपलं.

चष्मेवाल्या बाई आनंदल्या होत्या. "निवडून यायच्या आधीच अर्धा वॉर्ड झाकून घेतला आपण."

"आपण नाही, त्यानं झाकला," माइकवाला म्हणाला. "आता लोक त्याचेच गोडवे गातील."

"गाऊ देत. त्यांच्या घरातलं कुणी पडणार तर नाही."

मागच्या गल्ल्या मात्र उघड्याच राहिल्या. उरलेली झाकणं साहेबांच्या कार्यालयामागच्या आवारात एकावर एक रचून ठेवली होती, आणि त्याच संध्याकाळी साहेब एकटे माइकवाल्याकडे आले. चहा नको म्हणाले. वहिनींच्या फोटोसमोर थोडा वेळ उभे राहिले.

"चष्म्याचं ते मी बोललो नव्हतो," ते म्हणाले. "पेपरवाल्यांनी घातलं."

"तुमचा फोटो पण त्यांनीच घातला का?"

"जाऊ द्या. मी भांडायला आलो नाही. या गल्लीला वहिनींचं नाव देतो, तशी पाटी लावू. आणि मागच्या गल्ल्यांची झाकणं पडलीयेत माझ्याकडे. तुम्ही टेम्पो घरी लावा, दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर कामाला. तुमच्यामुळे शंभर घरांचं भलं होतंय, आणि तुम्हाला काहीच करायचं नाही. नुसतं गप्प बसायचं."

"आणि नाही लावला टेम्पो घरी?"

"मग मजूर कुठून आणू मी? निवडणुकीच्या कामाला लागलेत सगळे." साहेब उठले. "विचार करा. तुम्ही समजूतदार माणूस आहात. इतकी वर्षं ओळखतो मी तुम्हाला."

"विचार झाला. नको," माइकवाला म्हणाला.

त्याला हे नको म्हणताना बरं वाटलं. साहेबांचा चेहरा क्षणभर उतरलेला त्यानं पाहिला आणि तो घोट त्यानं सावकाश प्यायला. मागच्या गल्ल्यांचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्यानं तो उलटा केला. सगळी गटारं झाकली गेली तर लोकांचा राग निवेल. मतदानापर्यंत काही उघडी राहिलेली बरी. त्याला त्या उघड्या गटारांची गरज होती. हे त्यानं ना चष्मेवाल्या बाईंना सांगितलं, ना मेहुणीला.

सांगितलं ते साहेबांनीच. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीत सभा घेऊन ते म्हणाले, "झाकणं तयार आहेत. मी यांच्या घरी जाऊन हात जोडले, राजकारण बाजूला ठेवा म्हटलं. ते नको म्हणाले. तुमच्या दारातलं गटार कोणामुळे उघडं आहे, ते आता त्यांनाच विचारा."

विचारायला बायका दुकानात आल्या. ज्यांच्या सासूबाईंना दोघं धरून न्यायचे, त्या सूनबाई पुढे होत्या. माइकवाला तक्त्याजवळच्या खुर्चीत बसला होता.

"खरंय का हे?"

"टेम्पो घरी लावला नाही तर मजूर नाहीत, ही अट त्यांनी गाळली. बाकी खरं आहे," तो म्हणाला.

चष्मेवाल्या बाईंनी हातातली फ्रेम खाली ठेवली. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्या बोलायला लागल्यावर सगळे गप्प झाले.

"मला न विचारता?"

"तुम्ही हो म्हणाला असता."

"म्हणाले असते. किंवा दुसरी वाट काढली असती. पण ह्यांच्या सासूबाईंचं काय करायचं हे तुम्ही एकट्यानं ठरवलंत."

"बाई, तुम्ही झाकणांसाठी उभ्या आहात. मी त्याला पाडायला आलोय. हे मी पहिल्याच दिवशी बोललो होतो."

"आणि उद्या त्या गटारात कुणी पडलं तर साहेबांना काय म्हणायचं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला काय म्हणायचं?"

तो उठला. त्याला उत्तर द्यायचं होतं, पण जे तोंडात येत होतं ते सगळं साहेबांनी बोलल्यासारखं वाटत होतं.

मेहुणी दाराला टेकून उभी होती. ती सूनबाईंकडे वळली. "झाकणं आहेत कुठं?"

"त्यांच्या कार्यालयामागे."

"कोणाची आहेत?"

"पालिकेची असणार."

"मग त्याला मजूर नाहीत, हा त्याचा प्रश्न झाला. आपण एवढे बसलोय इथं. बस बंद पडली तर प्रवासी उतरून ढकलतात की नाही? वाईट शिव्या देत ढकलतात, पण ढकलतात."

चष्मेवाल्या बाईंनी तिथूनच पालिकेच्या इंजिनिअरला फोन लावला. झाकणं या गल्ल्यांसाठीच आली आहेत ना? आहेत. टाकायचा आदेश निघाला आहे ना? निघाला आहे, पण माणसं नाहीत. माणसं आम्ही आणली तर? पलीकडे कागद चाळले गेले. मग इंजिनिअर म्हणाला, नीट बसवा, बोटं सांभाळा, मी एक मुकादम पाठवतो.

बाईंनी फोन ठेवला आणि माइकवाल्याकडे बघितलं. "काय नको म्हणालात ते लोकांना तुम्ही सांगा. साहेबांच्या तोंडून ऐकलंय त्यांनी, आता तुमच्या तोंडून ऐकू दे. मग टेम्पोवर बसायचं की नाही ते बघू."

त्या संध्याकाळी टेम्पो मागच्या गल्ल्यांतून फिरला. या वेळी त्यानं जीभ एकटी सोडली नाही. एकेक शब्द बघून टाकला.

"झाकणं घ्या आणि गप्प बसा, असं साहेब मला म्हणाले. मी तुम्हाला न विचारता नको म्हणालो. माझं चुकलं असेल तर मतदानाच्या दिवशी मला शिक्षा करा. झाकणं त्यांच्या कार्यालयामागे आहेत आणि ती तुमची आहेत. उद्या सकाळी ज्यांच्या दारात उघडं आहे त्यांनी यावं. ज्यांच्या दारात झाकलंय त्यांनीही यावं."

गॅलरीतून कुणी काही ओरडलं नाही. एका खिडकीतून एका माणसानं विचारलं, "किती वाजता?"

सकाळी आवाराच्या फाटकाशी माणसं जमली. कामावर जायच्या आधी आलेली, डबे कोपऱ्यात ठेवलेली. शिंपीणबाईंनी हाताला बांधायला कापडाच्या पट्ट्या आणल्या होत्या. प्लंबरनं लोखंडी पाइप आणले. दोन्ही बाजूंच्या कड्यांतून एकेक पाइप घालायचा, चौघांनी चार टोकं धरायची आणि चालायचं. मुकादमानं एकदा करून दाखवलं. साहेबांच्या पहारेकऱ्यानं फाटक अडवून धरलं होतं. मुकादमानं त्याला आदेश वाचायला दिला. त्यानं तो उलटा धरला, सुलटा धरला आणि फाटक उघडलं.

पहिलं झाकण सूनबाईंच्या दारात बसलं. सासूबाई त्याच्यावर उभ्या राहिल्या, टाच आपटून पाहिली आणि म्हणाल्या, "हलत नाही." मग रांगच लागली. रस्त्याच्या कडेनं झाकणामागून झाकण, चौघं चौघं, मध्येच कुणी "थांबा, बोट" म्हणून ओरडायचं, सगळे थांबायचे, कुणीतरी हसायचं, परत चालू. चष्मेवाल्या बाई एका टोकाला होत्या आणि त्यांचा चष्मा घामानं सारखा खाली सरकत होता.

साहेब आले तेव्हा माइकवाला एका झाकणाच्या पुढच्या टोकाला होता. त्याच्या जोडीला प्लंबर, मागे मेहुणी आणि सुतार. साहेब पांढऱ्या शर्टात होते, पायात उघड्या चपला, बरोबर फोटोग्राफर. ते रांगेवरून नजर फिरवत सरळ याच झाकणाशी आले. सुताराच्या दंडाला धरून त्यांनी त्याला बाजूला केलं आणि पाइपचं टोक स्वतः धरलं.

"चला, हातभार लावू या," ते मोठ्यानं म्हणाले. मग आवाज खाली आणून माइकवाल्याच्या पाठीला म्हणाले, "झालं गेलं सोडा. जरा मागं वळून हसा. फोटो आहे."

माइकवाला मागं वळला. झाकण चौघांच्या मध्ये लोंबकळत होतं, जमिनीपासून गुडघाभर वर. त्याची नजर साहेबांच्या पायांवर गेली. नखं नीट कापलेली होती. आपण आपलं टोक सोडलं, तर झाकण कुठल्या बाजूला झुकेल हे त्याला स्पष्ट दिसलं. सगळे म्हणतील, हात घसरला. अपघात होतात. त्याची बोटं पाइपवर सैल झाली. किती सैल झाली ते त्याचं त्यालाच कळलं, आणि मेहुणीला कळलं.

"भावोजी," ती दातांत म्हणाली. तिला भार सहन होत नव्हता आणि तिचे पायही तिथंच होते. "सोडायचं असेल तर आधी मला सांगा. मी पाय काढून घेते."

तिनं त्याला नको म्हटलं नव्हतं. त्यानं तिच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर शीर उभी राहिली होती. ती खरंच वाट बघत होती.

"ठेवा," माइकवाला म्हणाला.

झाकण रस्त्यावर टेकलं. त्यानं पाइप सोडला नाही.

"हात काढा, साहेब."

"अहो, मदतच करतोय..."

"हात काढा."

त्याच्यापाशी माइक नव्हता. पण हा आवाज साऱ्या वॉर्डाला पाठ होता. मागचं झाकण थांबलं. त्यामागचंही थांबलं. एकेक झाकण जमिनीला टेकल्याचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. कुणी काही बोललं नाही. माणसं पाइपला हात लावून जिथल्या तिथं उभी राहिली आणि साहेबांच्या हाताकडे बघत राहिली. गॅलऱ्यांतून बायका बाहेर आल्या, त्याही बघत राहिल्या.

साहेबांनी हसून पाहिलं. मग सुताराच्या खांद्यावर थोपटून पाहिलं. सुतारानं खांदा काढून घेतला, कपाट सरकवावं तसा, शांतपणे.

"तुम्हाला काय वाटतं, मी इथं..." साहेब म्हणाले आणि त्यांना पुढचं वाक्य सापडेना. मग ते फोटोग्राफरकडे वळले. "तू काय टिपत बसलायस? बंद कर ते."

फोटोग्राफर पोट भरायला फोटो काढायचा. आजचा फोटो हाच आहे हे त्याला कळलं होतं. तो आणखी दोन पावलं मागं गेला आणि टिपत राहिला.

चष्मेवाल्या बाई रांगेतून पुढे आल्या नाहीत. मध्ये पडल्या नाहीत. त्यांनी फक्त नाकावरून घसरलेला चष्मा मनगटानं वर केला आणि त्याही त्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या.

ऊन चढत होतं. साहेबांच्या शर्टावर बगलेत ओल दिसायला लागली. कुणाच्या तरी डब्यावर माशी बसली, त्यानं ती हाकलली आणि परत बघायला लागला. एवढी माणसं एवढा वेळ गप्प राहिलेली या रस्त्यानं कधी पाहिली नव्हती. माइकवाल्याला ती शांतता कितीही वेळ चालली असती. त्यानं आयुष्यभर बोलून कमावलं होतं, आणि इतकं गोड काही कधी ऐकलं नव्हतं.

साहेबांनी पाइपवरचा हात काढला. तळव्याला गंज लागला होता. तो कुठं पुसावा हे त्यांना सुचेना, आणि शेवटी त्यांनी तो पांढऱ्या शर्टालाच पुसला. मान खाली घालून ते रांगेच्या कडेनं चालत गेले. वाट अरुंद होती. कुणी बाजूला सरकलं नाही, त्यांनाच प्रत्येक झाकणाला वळसा घालत जावं लागलं.

सुतारानं पाइपचं टोक परत धरलं.

"उचला," माइकवाला म्हणाला.

चार पावलं गेल्यावर मेहुणीनं मागून विचारलं, "काळीज थंड झालं का काही?"

"नाही."

"मलाही नाही."

"मतदान रविवारी आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे. सुट्टी टाकलीये मी. आता पुढं बघा, भावोजी. ही गल्ली अजून उघडी आहे."